शौकीची तिसरी शपथ

त्या शुक्रवारी मॅच घरी बघायची की खाली कहवाखान्यात जाऊन, एवढाच काय तो प्रश्न होता. घरी टीव्ही होता, पंखा होता आणि बसायला शौकीने स्वतःच्या हाताने बनवलेला सोफा होता. पण घरी इन्शिराहही होती. ती शाळेत भूगोल शिकवते आणि शुक्रवारी दुपारी पोरांचे पेपर तपासायला बसते. गोल झाला की शौकीच्या तोंडून जे काही बाहेर पडायचं, त्याने तिचं लाल पेन दचकायचं आणि एखाद्या निष्पाप पोराचे मार्क उडायचे. (गोल नेहमी आपल्यावरच व्हायचा, हे दमियात गावात वेगळं सांगावं लागत नाही.) तर पोरांचं भलं व्हावं, बायकोला शांतता मिळावी, अशा उदात्त विचाराने शौकी तीन जिने उतरून खाली गेला. तो वरच बसला असता तर पुढचं काही झालं नसतं.

शौकी खुर्च्यांचे पाय कोरतो. दमियातमध्ये लाकडाला हात न लावणारा माणूस शोधावा लागतो, पण शौकीच्या पायांना थेट कैरोपासून मागणी असते. (म्हणजे त्याने कोरलेल्या पायांना. त्याच्या स्वतःच्या पायांकडे सांध्यांचा डॉक्टर सोडला तर कुणी बघत नाही.) नावाप्रमाणे त्याला शौकही आहे, पण एकच, फनार. फनार म्हणजे दीपगृह. गावच्या फुटबॉल क्लबचं ते नाव, बिल्ल्यावरही दीपगृहच आहे, आणि खेळाडू मात्र दिवे गेल्यासारखे खेळतात.

या वर्षी तर फनारने ताळच सोडला होता. कोच इतक्या वेळा बदलले की आजचा कोच कोण हे खेळाडूंना वर्तमानपत्रातून कळायचं. अध्यक्षांची शीतगृहं आहेत. प्रत्येक पराभवानंतर ते टीव्हीवर येऊन 'संघ सध्या उभारणीच्या काळातून जातो आहे' असं थंडपणे सांगायचे, आणि हे ते शौकीच्या लग्नापासून सांगत आले होते. बचावफळी शौकीच्या खुर्च्यांसारखी होती, ठेवली तिथे राहायची. गोलकीपर रमजीला तर सगळे 'यजमान' म्हणायचे, कारण दारात आलेल्या कुठल्याही चेंडूला त्याने कधी परत पाठवलं नाही.

फनार तळाला जाऊन बसला होता, आणि तळाचे संघ वर्षाच्या शेवटी खालच्या लीगमध्ये ढकलले जातात. तिथे गेलं की भूगोलाच्या बाईंनाही नकाशावर शोधावी लागतील अशा गावांत जाऊन धुळीत खेळायचं. शौकीचे वडील फनारचे, आजोबा फनारचे, आणि त्यांच्यापैकी कुणावरही खालच्या लीगचं तोंड बघायची वेळ आली नव्हती. ती आपल्यावर येणार या विचाराने शौकीचा जीव खरोखर जळत होता.

त्या शुक्रवारी मात्र चमत्कार घडत होता. फनार एक-शून्याने पुढे होता आणि शेवटची काही मिनिटं राहिली होती. रमजीने चेंडू अडवला, छातीशी धरला, आणि जरा वेळ काढावा म्हणून तो जमिनीवर ठेवून बुटाची नाडी बांधायला वाकला. चेंडू खाली ठेवला की खेळ चालू असतो, हे कहवाखान्यातल्या मांजरालाही माहीत होतं. समोरच्या संघाचा एक पोरगा आला, त्याने रमजीकडे एकदा निरखून बघितलं (त्यालाही खरं वाटेना), आणि चेंडू हलकेच आत ढकलला. रमजीची नाडी अजून बांधून झाली नव्हती. लोक कपाळावरचा हात काढतात न काढतात तोच आपल्या एका बचावपटूने, वर्षभरात पहिल्यांदाच जागचं हलून, आपल्याच जाळ्यात चेंडू मारला. मॅच संपली.

शौकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो कहवाखान्याबाहेर मांडलेल्या खुर्चीवर चढला आणि त्याने रमजीच्या बुटापासून सुरुवात करून अध्यक्षांच्या शीतगृहापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. लोक माना डोलवत होते. तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण शिव्या संपल्या आणि राग शिल्लक राहिला, तेव्हा त्याने उजवा हात वर केला.

"यापुढे फनारची मॅच मी या डोळ्यांनी बघितली," तो म्हणाला, "तर माझ्या बायकोला तलाक."

आता ही शपथ दमियातमध्ये काही नवी नाही. पाहुण्याने बदकाचा आणखी एक तुकडा घ्यावा म्हणून तलाकची शपथ घालणारे सज्जन इथे गल्लोगल्ली आहेत. बायको आत बदकात भरायचा कांदा परतत असते आणि तिचा संसार बाहेर पाहुण्याच्या भुकेवर टांगलेला असतो. याला इथे पाहुणचार म्हणतात. ज्याने कुणी ही चाल पाडली त्याला एकदा चुलीपुढे उभं करायला हवं, पण ते असो.

शौकीची मात्र ही तिसरी खेप होती. पहिली शपथ त्याने बदकावरूनच घेतली होती, आणि पाहुण्याचं नेमकं पोट बिघडलेलं निघालं. दुसरी सिगारेट सोडण्याची होती, ती संध्याकाळपर्यंत टिकली. दोन्ही वेळा मशिदीचे शेख मुतवल्ली यांनी त्याला समोर बसवून, मनात खरंच बायकोला सोडायचं होतं का, असं विचारलं होतं. नव्हतं म्हटल्यावर, शपथ मोडल्याचं प्रायश्चित्त म्हणून दहा गरिबांना जेवायला घालायला लावून त्यांनी संसार वाचवला होता. पण दुसऱ्या वेळी निघताना त्यांनी बजावलं होतं की तिसऱ्यांदा आलास तर मनात काय होतं ते मी विचारणार नाही, तोंडातून काय निघालं तेवढंच धरीन. हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

त्यामुळे कहवाखाना एकदम गप्प झाला. मालक मुअल्लिम बदीर गल्ल्यामागून उठून आले आणि हळू आवाजात म्हणाले, "अबू नबील, खाली उतर. आणि वर बघू नकोस."

शौकीने अर्थातच वर बघितलं. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत इन्शिराह वाळलेले कपडे काढत होती. तिच्या हातात त्याचाच सदरा होता. तिने तो शांतपणे परत दोरीवर टाकला आणि आत गेली.

एरवी ती त्याला अबू नबील, म्हणजे नबीलचा बाप, म्हणते, नबील हा त्यांचा अलेक्झांड्रियात नोकरी करणारा मुलगा. लाडात असली तर नुसतं शौकी. पण रागावली की ती त्याला शाळेतल्या नव्या मास्तराशी बोलावं तसं 'उस्ताद' म्हणते, आणि उस्तादला अहो-जाहो करते. शौकी दारात उभा राहिला तेव्हा तिने पेपर बाजूला सारले, चष्मा काढला आणि म्हणाली, "या उस्ताद. बसा."

शौकी बसला नाही. त्याने रमजी, नाडी, स्वयंगोल असं सगळं एका दमात सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं.

"माझं काही चुकलं असतं आणि तुम्ही मला सोडलं असतं, तर मी समजू शकले असते," ती म्हणाली. "मी काय केलं? नाडी मी सोडली होती? तुम्ही तुमची करवत का नाही लावलीत पणाला? कारखाना का नाही? का नाही, ते मी सांगते. त्या गोष्टी तुम्हाला रोज लागतात."

तिचा आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते, आणि ते पुसायचेही तिने नाकारले. शौकीला फार वाईट वाटलं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि या बाईशिवाय आपल्याला आपला दुसरा मोजाही सापडत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. तो तसं म्हणालासुद्धा. म्हणायला नको होतं, कारण त्या दिवसापासून त्याला खरोखरच दुसरा मोजा सापडेनासा झाला.

तिने नियम घालून दिले. टीव्ही आजपासून तिच्या ताब्यात. शपथेत 'या डोळ्यांनी' असे शब्द आहेत, तेव्हा कान मोकळे, रेडिओला हरकत नाही. फोटो चालेल, चित्रफीत चालणार नाही. शौकीने दबकत विचारलं की ओझरतं दिसलं तर. तिने विचारलं की ओझरता तलाक असतो का.

पुढच्या शुक्रवारी शौकीला कळलं की मॅचच्या वेळी दमियातमध्ये डोळे उघडे ठेवून चालणं अशक्य आहे. पाववाल्याकडे टीव्ही, फरसबंदीवर टीव्ही, औषधाच्या दुकानातही टीव्ही. तो मान खाली घालून, एका हाताने भिंत चाचपत चालला, दोन म्हाताऱ्या बायकांनी त्याला आंधळा समजून रस्ता ओलांडून दिला, आणि त्याला ओलांडायचा नव्हता. शेवटी तो न्हाव्याच्या दुकानात शिरला, कारण न्हाव्याचा टीव्ही बिघडलाय असं त्याने ऐकलं होतं. तोंडाला साबण लागला आणि समोरच्या आरशात त्याला हिरवं मैदान दिसलं. टीव्ही दुरुस्त होऊन आला होता. शौकीने डोळे घट्ट मिटले. आरशात दिसलं तर धरायचं की नाही, उलटं दिसलं म्हणून सूट मिळेल का, असा विचार करतोय तोच सगळी गल्ली एकदम ओरडली. शौकी दचकला आणि त्याची अर्धी मिशी वस्तऱ्याबरोबर गेली.

फनार जिंकला होता. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.

अर्ध्या मिशीचा माणूस आनंद कसा साजरा करणार? तो घरी येऊन उरलेली मिशी काढत बसला. इन्शिराहने त्याच्याकडे बघितलं आणि तोंडावर हात ठेवून स्वयंपाकघरात गेली. ती हसत होती की रडत होती ते कळलं नाही.

त्यानंतर फनार पुन्हा जिंकला. मग आणखी एकदा, आणि तोही परक्या मैदानावर. रमजीने पेनल्टी अडवली. (त्याच्या म्हणण्याप्रमाणे तो जांभई द्यायला हात वर करत होता, पण अडवली.) आणि हळूहळू गल्लीतल्या लोकांच्या डोक्यात प्रकाश पडायला लागला. मुअल्लिम बदीर यांनी तो मोठ्याने बोलून दाखवला. फनार हरत होता तेव्हा शौकी बघत होता. शौकीने बघायचं सोडलं आणि फनार जिंकायला लागला. म्हणजे इतकी वर्षं दोष ना कोचचा, ना अध्यक्षांचा, ना रमजीचा. पांढऱ्या पायाचा माणूस आपल्याच बाकावर बसून आपलाच चहा पीत होता.

झालं. ज्या लोकांनी शौकीबरोबर बसून शिव्या दिल्या होत्या तेच आता त्याचे राखणदार झाले. मॅच सुरू व्हायच्या आधी दोघे जण कारखान्यावर येऊन बाहेरून शटर ओढायचे, आणि आत चहा पाठवायचे. रस्त्यात मोबाईलवर गोल दाखवत कुणी जवळ आला तर तिसराच कुणीतरी मागून येऊन शौकीच्या डोळ्यांवर हात ठेवायचा. एकदा तो हात मासे विकणाऱ्याचा होता. शौकीचा नुसता संताप व्हायचा. आपण उन्हात उभं राहिलो, घसा फोडला, नबीलच्या जन्माच्या दिवशीसुद्धा मॅच सोडली नाही (ही गोष्ट इन्शिराह अजून काढते), तेव्हा हे नालायक हरले. आणि आता आपण डोळे मिटले तर हे वाघ झाले? जिंकायचंच होतं तर आपल्यासमोर जिंकायला यांचं काय गेलं असतं? फनार हरायचा तेव्हा त्याला जेवढा राग यायचा, त्याच्या दुप्पट राग त्याला आता फनार जिंकल्यावर यायला लागला.

शेवटची मॅच राहिली. ती जिंकली तर फनार वरच्या लीगमध्ये राहणार, नाहीतर धुळीत जाणार. मॅच घरच्या मैदानावर होती आणि मैदान कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. शौकीला जेवण जाईना. शेवटी गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर तो नाक मुठीत धरून शेख मुतवल्लींसमोर जाऊन बसला. इन्शिराहही आली होती, त्याच्यापासून दोन हात अंतर ठेवून. शौकीने सांगितलं की आपल्या मनात तलाक कधीच नव्हता, फक्त स्वतःला आवरायचं होतं. दहाच काय, वीस गरिबांना जेवायला घालतो, पण ही शपथ सोडवा.

शेखनी दाढीवरून हात फिरवला. "शपथ घेतल्यापासून फनारच्या किती मॅच झाल्या?"

"चार, मौलाना."

"जिंकल्या किती?"

"चारही."

शेखनी बोटांवर काहीतरी हिशोब केला. मग म्हणाले की शपथ ही फार गंभीर बाब आहे, असा घाईने निकाल देता येत नाही, आपल्याला ग्रंथ बघावे लागतील. त्याने शनिवारी यावं.

"पण मौलाना, मॅच शुक्रवारी आहे," शौकी म्हणाला.

"म्हणूनच," शेख म्हणाले.

घरी येताना शौकीने शेखना, ग्रंथांना आणि दमियातच्या सगळ्या लोकांना वाट्टेल ते ऐकवलं. इन्शिराह दोन हात अंतर ठेवून चालत राहिली. पण तिला कळून चुकलं होतं की उद्या हा माणूस काही झालं तरी बघणार. शपथ सुटलेली नाही, शेख मनातलं विचारणार नाहीत म्हणून बजावून बसलेले, आणि हा भिंतीवर चढून, झाडावर चढून, कसाही बघणार. बावीस वर्षांचा संसार उद्या संध्याकाळपर्यंत टिकतो की नाही ते या माणसाच्या पापण्यांवर अवलंबून होतं, आणि त्या पापण्यांची तिला पुरती ओळख होती.

शुक्रवारी शौकी दबक्या पावलांनी बूट घालायला गेला तर बूट जागेवर नव्हते. इन्शिराह सोफ्यावर बसली होती. शेजारी चहा होता, हातात तिचा काळा जाड रुमाल होता.

"बस इथे," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिने त्याला अरे-तुरे केलं होतं. "डोळे बांधते. टीव्ही मी बघते आणि तुला सांगते. शपथ तुझ्या डोळ्यांची आहे, माझ्या नाही."

शौकीच्या डोळ्यांत पाणीच आलं. असं कुणाच्या बायकोने केलं असतं? तिने रुमाल बदकाचे पाय बांधतात तसा करकचून बांधला. टीव्हीचा आवाज मात्र तिने बंद ठेवला, रेडिओही लावू दिला नाही, समालोचक किंचाळला की तू रुमाल ओढशील म्हणाली. ते शौकीलाही पटलं. खालून कहवाखान्याचा गलबला येत होता. मग तो एकदम वाढला.

"सुरू झाली," इन्शिराह म्हणाली.

"आपले कुठल्या बाजूला?"

"डावीकडे. पांढरे कपडेवाले ना?"

"पांढरे-निळे."

"हां, तेच. एक जण पडला. उठला. परत पडला. याला घरी कुणी जेवायला घालत नाही का?"

"चेंडू कुणाकडे आहे ते सांग."

"चेंडू शिट्टीवाल्याच्या पायाला लागला. आता सगळे त्याच्याशी भांडतायत. चांगले शिकलेले दिसतात, पण भांडतायत."

शौकी सोफ्याचा हात घट्ट धरून बसला होता. असं समालोचन त्याने जन्मात ऐकलं नव्हतं. कोण कुठून कुठे पळतोय ते तिला सांगता येत नव्हतं, पण कुणाचा मोजा खाली आलाय आणि कुणी घाम बाहीला पुसला ते ती बारकाईने सांगत होती. मग ती म्हणाली, "गोल झाला."

"कुणाचा?"

"त्यांचा."

शौकीने पाठीमागची उशी घेऊन जमिनीवर आपटली. रमजीच्या सात पिढ्यांची त्याने विचारपूस केली. ती संपते न संपते तोच खालून कहवाखान्यातून टाळ्या, शिट्ट्या आणि टेबलं बडवल्याचा आवाज आला.

"आपल्यावर गोल झाला आणि हे नाचतायत कसे?"

"मुअल्लिम बदीरनी चहा फुकट दिला असेल."

"बदीर? फुकट?" चिक्कूपणाबद्दल देशभर नाव असलेल्या दमियातच्या माणसाने इथेच रुमाल सोडायला हवा होता. पण शौकी रागाने इतका आंधळा झाला होता की त्याला रुमालाची गरजच उरली नव्हती. त्याला वाटलं, सगळे विकले गेले. इतकी वर्षं ज्यांच्या खांद्याला खांदा लावून बसलो ते आपल्याच संघाच्या मरणावर नाचतायत. त्याने खिडकीच्या दिशेने (ती कपाटाची दिशा निघाली) मूठ उगारून सगळ्या कहवाखान्याला गद्दार ठरवलं.

"रमजी काय करतोय?"

"कोण रमजी?"

"गोलकीपर."

"तो होय, सोनेरी केसांचा?"

"रमजीचे केस काळे आहेत."

इन्शिराहने चहाचा घोट घेतला. "रंगवले असतील."

हे मात्र शौकीच्या सहनशक्तीपलीकडचं होतं. गाव खड्ड्यात चाललंय, वाडवडिलांचं नाव धुळीला मिळतंय, आणि हा माणूस त्याच आठवड्यात केस सोनेरी करून येतो? नाडी बांधता येत नाही आणि केस रंगवता येतात? त्याचा घसा बसला. तेवढ्यात इन्शिराहने दुसरा गोलही त्यांचाच झाल्याचं सांगितलं. शौकी खाली बसला आणि उशीत तोंड घालून खरोखर रडला. वडिलांची आठवण काढून रडला. इन्शिराहने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आता थोडीच राहिली आहे, धीर धर, म्हणाली.

आणि मग खाली स्फोट झाल्यासारखा आवाज झाला. सगळी गल्ली ओरडत होती, गाड्यांचे हॉर्न वाजत होते, समोरच्या गॅलरीतल्या बायका लग्नात करतात तशा ललकाऱ्या देत होत्या. हे काही फुकट चहाचं काम नव्हतं. शौकीने विचार केला नाही. त्याने रुमाल ओढून काढला आणि टीव्हीकडे बघितलं.

मैदान दिसलं. चेंडू दिसला. पळणारी माणसं दिसली. त्याने दोन्ही हातांनी डोळे झाकले.

"इन्शिराह," तो म्हणाला, "मी बघितलं. संपलं सगळं. मी बघितलं गं."

"काय बघितलंस?"

"मॅच."

"हात काढ. नीट बघ."

शौकीने बोटांच्या फटीतून बघितलं. पडद्यावर धो धो पाऊस पडत होता. प्रेक्षक छत्र्या आणि जाड कोट घालून बसले होते. खिडकीबाहेर दमियातमध्ये डोळे दिपवणारं कडक ऊन होतं. गोलकीपर खरंच सोनेरी केसांचा होता आणि तो रमजी नव्हता. एकही चेहरा ओळखीचा नव्हता. कुठल्यातरी थंड देशातली जुनी मॅच पुन्हा दाखवत होते.

"तू चुकीचा चॅनल लावलास?"

"चुकीचा कशाला लावीन? वाचता येतं मला." इन्शिराह रुमालाची घडी घालत होती. "तू रुमाल सोडणार हे मला माहीत होतं, शौकी. अगदी शेवटपर्यंत थांबशील असं मात्र वाटलं नव्हतं, तेवढं तुझं कौतुक. शपथ तू एकट्याने घेतलीस, पण घर माझंही आहे. ते मी तुझ्या डोळ्यांच्या भरवशावर सोडीन होय?"

शौकीला तिचा राग आला, आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटलं, आणि दोन्हींत आधी काय करावं ते ठरेपर्यंत खालून लोक त्याच्या नावाने ओरडायला लागले. फनार तीन-शून्याने जिंकला होता, वरच्या लीगमध्ये राहिला होता. मुअल्लिम बदीर गल्लीत उभे राहून दोन्ही हात तोंडाशी धरून सांगत होते की अबू नबील, अल्लाह तुला दीर्घायुष्य देवो, पुढच्या वर्षीही एकही मॅच बघू नकोस.

शौकी सोफ्यावर टेकला. उशी फाटली होती, घसा बसला होता, डोळे सुजले होते.

"म्हणजे आपण जिंकलो," तो म्हणाला. "मग मी दीड तास ऊर बडवला तो कुणासाठी? हे पांढरे कपडेवाले आहेत तरी कोण?"

इन्शिराहने चष्मा लावून पडद्याच्या कोपऱ्यात बघितलं. मॅच नुकतीच संपली होती आणि पांढरे कपडेवाले चिखलात माना खाली घालून बसले होते.

"मला काय माहीत," ती म्हणाली. "पण तुझेच दिसतात. तेही हरले."